ण बाणाचा

"काकू, वाक्य छोटं ठेवू या. 'या, बसा.' एवढं पुरे," मोनाली तीन आठवड्यांपूर्वीच म्हणाली होती. "आणि 'ण' तर नकोच. काकांची जीभ अजून वर वळत नाही."

पण चारुलताबाई ऐकतील तर शपथ. पंचाहत्तरी काय दरवर्षी येते? सात महिने माणूस मुका बसलाय, त्याचा आवाज ऐकायला धाकटा भाऊ पुण्याहून आणि लेक थेट बर्मिंगहॅमहून येणार, आणि त्यानं म्हणायचं काय, तर 'या, बसा'? त्यांनी स्वतः वहीच्या कागदावर ठळक अक्षरात वाक्य लिहून दिलं: 'आपण सगळे आलात, आनंद झाला. जेवण करून जाणे.'

"यात तीन ण आहेत, काकू."

"असू देत की. अगं, आमच्या घरात ण शिकवावा लागत नाही," चारुलताबाई हसून म्हणाल्या. "तो आपोआप येतो."

मोनालीनं पिशवीतून मधाची बाटली काढली, करंगळीनं वसंतरावांच्या टाळूला थेंबभर मध लावला आणि म्हणाली, "चला काका, जिभेच्या शेंड्यानं काढा बघू. ण बाणाचा."

अर्धांगाच्या झटक्यानं वसंतरावांची हिंदी गेली होती. विम्याच्या नोकरीत चाळीस वर्षं कमावलेलं इंग्रजीही गेलं होतं. उरली होती ती मराठी, तीही तुकड्यातुकड्यांनी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना यांच्याच भाषेत शिकवणारं कुणीतरी बघा. अख्ख्या जयपुरात अशी एकच स्पीच थेरपिस्ट सापडली. झोटवाड्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ऑटो बदलून ती आदर्श नगरला यायची. ती नसती, तर दुसरं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर मंगळवार-शुक्रवारची वाट वसंतरावांपेक्षा चारुलताबाईच जास्त बघायच्या. घरात बोलायला होतं कोण? मुलगा वरुण जयपुरात जन्मलेला, इथल्याच शाळेत वाढलेला. त्याची मराठी म्हणजे "आई, मतलब, मी लेट होनार आहे." भांडी घासायला सांगानेरहून येणारी भंवरी तिच्या बोलीत बडबडायची. लेक ज्ञानदा रविवारी व्हिडिओवर दिसायची, तीही घाईत. मोनालीशी मात्र चारुलताबाई तासन् तास बोलत. तिचं बोलणं कसं स्वच्छ! ण ण सारखा, ळ ळ सारखा. एकदा तर त्या तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "तुझी वाणी किती शुद्ध आहे गं. ऐकून वाटत नाही हो की तू..." आणि पुढं काय म्हणायचं ते न सुचून त्यांनी तिला लाडू दिला होता.

रविवारी दुपारी बाराला औक्षण झालं. ताटात कणकेचे पंचाहत्तर दिवे. ज्ञानदानं ओवाळलं, गोपीनाथभावोजींनी भावाला शाल पांघरली. वसंतराव खुर्चीत ताठ बसले होते, दाढी गुळगुळीत, नवा झब्बा. मोनाली त्यांच्या गुडघ्याशी खाली बसली होती आणि तिची आई, विमल, दाराजवळच्या खुर्चीत. मोनालीनं हळूच बोटानं टेबलावर ताल धरला.

"आ... पन," वसंतराव म्हणाले.

मोनालीचं बोट ताल देत राहिलं.

"आपन सगळे आ... लात. आनंद झाला." कपाळावर घाम आला होता. मोनालीची मान हलत होती, हो काका, हो. "जे... वन करून जाने."

ज्ञानदाच्या डोळ्यांना धार लागली. वरुणनं टाळी वाजवली. आणि गोपीनाथराव, ज्यांचं भावावर जिवापाड प्रेम होतं आणि ज्यांना आयुष्यात कधी गप्प बसता आलं नव्हतं, ते मोठ्यानं हसले.

"अरे वा दादा! आपन? जेवन? जाने? वहिनी, कुठली शिकवणी लावलीत हो याला? बावनकशी सोनं दिलं होतं तुमच्या ताब्यात!"

दोनचार जण हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता, पण वसंतरावांनी इकडं तिकडं बघितलं, मग चारुलताबाईंकडे बघितलं. चारुलताबाईसुद्धा हसत होत्या. नकळत, चारचौघांत हसतात तशा.

वसंतरावांनी ओठ मिटले. मोनालीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हात हातात घेऊन विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

*

विमल या घरात पहिल्यांदाच आली होती. "तुझ्या आईंना नक्की आण," असं चारुलताबाईंनी दोनदा बजावलं होतं, म्हणून. सकाळपासून ती हिंदीतच बोलत होती. "जी, बढ़िया." "नहीं जी, बस, थोड़ा ही." कुणी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच. गोपीनाथरावांच्या बायकोला वाटलं, या राजस्थानीच असाव्यात.

झोटवाड्याच्या घरातही आता तिला बोलायला कुणी राहिलं नव्हतं. तिचा नवरा भगवान होता तेव्हा बरं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून आला की चपला काढायच्या आत सुरू व्हायचा, "अवो, पानी द्या, लय तहान लागली." दोघंही अकोल्याकडची. आपल्या गावची भाषा आपल्या माणसाच्या तोंडून ऐकायची, दिवसभराची हिंदी उतरून जायची. भगवानला जाऊन दोन वर्षं झाली. मोनाली चांगली पोर, जीव लावते, पण घरातही शुद्धच बोलते. आईला चुकूनही कधी दुरुस्त केलं नाही तिनं. तरी पोरीनं "पाणी" म्हटलं की विमल आपलं "पानी" गिळून टाकायची. आरशासमोर भगवानच्या फोटोशी तेवढं दोन शब्द बोलायची, बस.

मघाशी त्या म्हाताऱ्या माणसानं "जेवन" म्हटलं, तेव्हा विमलनं एकदम वर बघितलं. किती दिवसांनी कुणीतरी तिला आपल्या भाषेत जेवायला बोलावलं होतं! मग सगळे हसले.

तोंडावर पाणी मारावं म्हणून ती मागच्या बाजूला गेली. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं.

"मी काय वाईट बोललो?" गोपीनाथरावांचा आवाज. "माणूस आठवड्यातून दोनदा ज्याच्या तोंडाकडे बघतो त्याचंच उचलतो. संगतीचा परिणाम. कोण कुठले आहेत हे लोक?"

"रेल्वेतले आहेत, काका," ज्ञानदा म्हणाली. "वडील फिटर होते. आडनावावरून कळतंच की. आई, मला वाटतं आपण पुण्याहून ऑनलाइन कुणाला तरी बघू. बाबांचं असं बोलणं मला नाही ऐकवत गं. ते बाबा वाटतच नाहीत. दुसरंच कुणीतरी वाटतं."

आणि मग चारुलताबाईंचा आवाज, हळू, थकलेला.

"मलाही वाटलंच होतं, अगदीच खोटं नाही ते. ती कितीही नीट बोलली तरी मुळातलं कुठंतरी उतरतंच."

विमल तोंडावर पाणी न मारताच दाराबाहेर थांबली.

*

वरुणला रडू येत नसे, राग यायचा. रागात त्याची मराठी आणखीनच लंगडायची. तो बर्फ घ्यायला आला होता आणि फ्रीजचं दार उघडं ठेवूनच उभा राहिला.

"मी पन पानी बोलतो," तो म्हणाला. "लहानपनापासून. तेव्हा कोनी संगत नाही म्हटली."

"तुझी गोष्ट वेगळी," चारुलताबाई म्हणाल्या. "तुझं हिंदीमुळं होतं."

"तर माझा गोड आनि त्यांचा गंदा? साउंड तोच आहे ना, आई? सेम टू सेम. आनि भंवरीबाई पाणी बोलते, एकदम करेक्ट, तर ती काय पेशव्यांची आहे?"

भांडी घासणाऱ्या भंवरीला आपलं नाव ऐकू आलं. ती मोरीतून ओरडली, "काईं बाईसा? पाणी ल्याऊँ?" मराठीच्या कुठल्याही मास्तरानं पैकीच्या पैकी गुण द्यावेत असा ण होता तिचा.

वरुण बहिणीकडे वळला.

"ताई, तू सांग. तुला घर हवा होता तिकडे, बर्मिंगहॅमला. तू फोन केलास तर ती मालकीन बाई काय बोलली?"

ज्ञानदा ओट्याकडे बघत राहिली. "तो विषय आत्ता कशाला?"

"काय बोलली?"

"घर गेलं म्हणाली."

"आनि दहा मिनटांनी तुझ्या ऑफिसची गोरी मुलगी फोन केली, तर?"

"तर रिकामं होतं," ज्ञानदा म्हणाली. "संध्याकाळी या बघायला, म्हणाली. चहाला थांबा म्हणाली."

"तू दिसली पन नव्हतीस. फक्त आवाज." वरुण आता आईकडे बघत होता. "आई, तू दोन दिवस जेवली नव्हती. मला आठवतं तू काय म्हनाली. 'आवाजावरून माणसाचा रंग ठरवतात मेले.'"

चारुलताबाईंना आठवलं. शब्दन् शब्द आठवला. त्यांचा चेहरा गरम झाला आणि त्यांना धाकट्या मुलाचा भयंकर राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

"मी चुकले, काका," ज्ञानदा एकदम म्हणाली. "आपण तिला नको काढायला."

"अरे पण मी काढा म्हटलंच कुठं? मी गंमत केली!" गोपीनाथराव म्हणाले. "एका अक्षरावरून एवढं रामायण!"

तेवढ्यात दार पूर्ण उघडलं. विमल आत आली. तिच्या मागून मोनाली धावत येत होती. "मम्मी, चल, आपण जाऊ या. मम्मी, नको."

"नाही, बोलू दे मले," विमल म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी चमकून वर बघितलं. ही बाई मराठी बोलते?

"बाई, माही पोरगी नऊ वर्साची होती," विमल चारुलताबाईंना म्हणाली. शब्द पटापट येत होते, जसे बावीस वर्षं रांगेत थांबले होते. "तुमच्या मराठी मंडयात, एक मेच्या महाराष्ट्र दिनाले, भाषन केलं तिनं. 'पानी वाचवा.' म्या पाठ करून घेतलं होतं. पोट्टे हासले. तुमी परीक्षक होत्या. चिठ्ठी देल्ली तिच्या हाती. 'उच्चार अशुद्ध. घरी बोलण्याकडे लक्ष द्यावे.' आता घरी कोन? मीच ना!"

चारुलताबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दर वर्षी तीस-चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या असतील त्यांनी. त्यांना काही म्हणजे काही आठवेना.

"म्या तिच्या टायूले गुयाचा खडा चिटकवला. जिभीनं काढ म्हनलं. रोज सकायी, शायेच्या आंधी. पोरगी रडे, पन शिकली. तेच आता तुमच्या मालकाले शिकवते, फक्त गुयाच्या जागी मध. अन् म्या काय केलं माहीत हाय? म्या बोलनंच बंद केलं. तुमच्या लोकाईत मी हिंदीतच बोलतो. मंग कोनाले समजत नाही न."

"विमलताई, अहो, मला खरंच..."

"तुमचे मालक पोरीच्या संगतीनं पानी नाही म्हनत, बाई. त्याहिची जीभ वयत नाही. बिमारी हाय ती. माह्या जिभीले काहीच नव्हतं झालं. ती चांगली होती."

मोनालीनं आईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, तोलून मापून, एकेक अक्षर जागच्या जागी.

"काकू, मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, ण नको. ते वाक्य तुमचं होतं." तिनं पिशवीतून निळी फाइल काढून ओट्यावर ठेवली. "यात सगळे व्यायाम लिहिलेत. चित्रं आहेत. मंगळवारी मी येऊ शकणार नाही. काकांना सांगा, त्यांनी आज फार छान म्हटलं. अकरा शब्दांचं काम होतं आणि त्यांनी एकही सोडला नाही... नाही, मी चुकले. आठच होते. मला अकरा वाटले, इतके कष्ट होते त्यात."

"जेवून तरी जा गं," चारुलताबाई म्हणाल्या. "पानं वाढलीत."

"काकांनी बोलावलं होतं जेवायला," मोनाली म्हणाली. "त्यांना सगळे हसले."

मायलेकी गेल्या. वरुण गाडीची किल्ली घेऊन मागं धावला, पण तोवर त्यांनी ऑटो केली होती. मसालेभात आणि जिलबी तशीच खाल्ली लोकांनी, कमी बोलत. गोपीनाथरावांनी भावाच्या खुर्चीपाशी बसून तीनदा "दादा, चुकलं रे माझं" म्हटलं. वसंतरावांनी त्यांच्या हातावर थोपटलं. बोलले मात्र नाहीत.

*

साडेसहाला पाहुणे बाजार बघायला बाहेर पडले. मुद्दाम पडले, चारुलताबाईंना कळत होतं. घर रिकामं झालं. ताटातल्या पंचाहत्तर दिव्यांची कणीक वाळून तडकली होती.

वसंतरावांनी हनुवटीनं तांब्याकडे खूण केली.

"पाणी हवंय?"

मान हलली.

"म्हणा ना मग. दुपारी एवढं म्हणालात."

ओठ मिटलेले. चारुलताबाईंनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर मोनालीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'काकांना दुरुस्त करू नये. आधी बोलू द्यावे. शुद्ध-अशुद्ध नंतर.' खाली तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. त्यांनी ही फाइल कधी उघडूनच बघितली नव्हती. मुलीच्या वाणीचं कौतुक करत राहिल्या आणि ती काय सांगतेय ते ऐकलं नाही.

त्यांना एकदम सगळं घर अंगावर आल्यासारखं झालं. मंगळवारी कुणी येणार नाही. शुक्रवारी कुणी येणार नाही. आपण आणि हे, आणि मधे ही मिटलेली ओठांची रेघ. पुढची किती वर्षं? त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मग डोळे पुसून त्यांनी भांडं भरलं, वसंतरावांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पानी."

स्वतःच्याच तोंडात तो शब्द त्यांना परका वाटला. जीभ वर जायला निघाली होती, त्यांनी ती खाली दाबून धरली.

"पानी," त्या पुन्हा म्हणाल्या. "घ्या. पानी प्या. जेवन झालंय ना? आता पानी प्या."

वसंतराव बघत राहिले. पन्नास वर्षं या बाईनं दूधवाल्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांच्या चुका काढल्या होत्या. हळूहळू त्यांचा डावा गाल हलला. ओठ उघडले.

"अ..." ते म्हणाले. "अ... शुद्... ध."

आणि हसले. अर्ध्या तोंडानं, पण पोटातून हसले.

चारुलताबाईंनी भांडं खाली ठेवलं. हा शब्द कुणी शिकवला नव्हता! जोडाक्षर होतं त्यात. हा शब्द त्यांनी स्वतः शोधून काढला होता, थट्टा करायला, बायकोची, पूर्वीसारखी. "अहो!" त्या ओरडल्या. "अहो, काय म्हणालात!" आणि पदरानं तोंड झाकून हसत रडत राहिल्या.

कुणाला सांगू, असं झालं त्यांना. वरुणला आनंद होईल, ज्ञानदा मिठी मारेल. पण जोडाक्षराचं मोल कळणारी या गावात एकच मुलगी होती. त्यांनी मोनालीच्या घरी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हेलो, कौन?" विमलचा आवाज.

"विमलताई, मी चारुलता बोलतेय. आदर्श नगरहून."

"मोनाली नहीं है जी. बाहर गई है।"

"मला तुमच्याशीच बोलायचंय," चारुलताबाई म्हणाल्या. "माफी मागायचीय. आणि यांनी आज एक शब्द... तुमच्याशी बोलायचंय हो मला. तुमच्या मराठीत बोला. मी ऐकते. कितीही वेळ ऐकते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला. चारुलताबाई कानाला फोन घट्ट लावून थांबल्या.

"हिंदी में बोलिए जी," विमल शांतपणे म्हणाली. "मुझे मराठी नहीं आती।"